ऑपरेशन अर्धवट सोडताना

चि. ताईस,


एम. एस. झालीस, आता ट्रॉमा सर्जरी आणि क्रिटिकल केअरकडे वळतेयस हे वाचून फार बरं वाटलं. दिल्लीच्या एम्समध्ये त्यासाठी स्वतंत्र एम. सीएच. आहे, आम्ही आयसीयू शिकलो ते रात्रपाळ्यांत. एक गोष्ट आताच सांगतो. आजवर तुला ऑपरेशन पूर्ण करायला शिकवलं. इथं ते अर्धवट सोडायला शिकावं लागेल, आणि ते जास्त अवघड आहे.

रक्त वाहून पेशंटचं अंग गार पडलेलं असतं. गार अंगात रक्त नीट गोठत नाही, रक्तात आम्ल साठत जातं, त्यानं गोठणं आणखी बिघडतं. अशा वेळी आतड्याचे जोड घालत बसलीस तर माणूस टेबलावरच जाईल. १९९३ साली फिलाडेल्फियात रोटोंडो आणि श्वाब यांनी हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी फाटलेली, शिवाय पोटातले दोन किंवा जास्त अवयव जखमी, असे पेशंट. सगळी दुरुस्ती एकाच वेळी केलेल्या ९ जणांपैकी १ वाचला. रक्त थांबवून, मॉप भरून सर्जन लवकर बाहेर पडले, त्या १३ पैकी १० वाचले. संख्या लहान, पण त्यानंतर आमच्या कामाची रीतच बदलली.

म्हणून भूलतज्ज्ञ ‘आता आटपा’ म्हणाले तर ऐक. रक्तस्राव थांबव, फाटलेलं आतडं बांध, लिव्हरभोवती मॉप घट्ट भर, सलाइनची निर्जंतुक पिशवी कापून पोटाच्या कडांना शिव आणि आयसीयूत चल. पिशवी पारदर्शक असते. आतडं गुलाबी आहे की काळवंडतंय, हे प्रत्येक राउंडला स्वतः बघ. आत किती मॉप ठेवले ते केसपेपरवर आकड्यात आणि अक्षरांत लिही, सिस्टरांनाही सांग. दोन दिवसांनी पोट उघडणारी तूच असशील असं नाही.

आयसीयू हे दुसऱ्या कुणाचं खातं समजू नकोस. पेशंटचं अंग गरम होतंय का, लॅक्टेट उतरतंय का, तासाला लघवी किती, हे तूच विचारायचं. पोट उघडं आहे म्हणून आतला दाब वाढणार नाही, असं धरून चालू नकोस. पोट ताठरलं, लघवी आटली, तर मूत्राशयातल्या नळीतून दाब मोज. व्हेंटिलेटरचा श्वास ठरवताना उंचीवरून काढलेलं वजन धर. सुजेनं वजन वाढतं, फुफ्फुस तेवढंच राहतं.

आणि बाहेर बसलेल्या घरच्यांना ‘ऑपरेशन झालं’ एवढंच सांगून निघू नकोस. पोट मुद्दाम उघडं ठेवलंय, पुन्हा ओटीत न्यावं लागेल, हे पहिल्याच भेटीत, त्यांच्याशेजारी बसून सांग. नाहीतर दुसऱ्या ऑपरेशनची सही मागायला जाशील तेव्हा त्यांना वाटेल, पहिलं फसलं.

तुझा,
मामा