आडबाजूची वाळू

आमच्या शाळेतल्या काचेच्या टाकीपाशी आलेला पाहुणा थांबल्यावाचून राहत नाही. चार फुटांची टाकी, तीत दहा-बारा गोल्डफिश, आणि पाणी इतके नितळ की पलीकडच्या भिंतीवरचा नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा त्यातून वाचता यावा. ‘गुरुजी, निगा छान राखली हो!’ असे कुणी म्हणाले की मी नम्रपणे हसतो. हे हसणे लबाडीचे आहे, याची कबुली आज द्यावीशी वाटते. ते पाणी मी राखीत नाही. ते राखणारी एक बादली कपाटाच्या मागे बसलेली असे.

विज्ञानाचे माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले; पण माशांसाठी थोडे शिकावे लागले. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो माशाला विषच. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य; पण ते जात नाही, साठत राहते. शहाद्याकडच्या पपई-केळीच्या शेतकऱ्याला ते परके नाही: पिकाला न लागलेला युरिया बराचसा याच रूपाने विहिरीत झिरपतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम ठरलेली आहे. टाकीत ते वाढले की शेवाळ माजते, मासे मलूल होतात, आणि पाणी उपसून नवे भरावे लागते. मुले घरून बाटलीत पाणी आणतात अशा एप्रिलमध्ये माशांसाठी बादल्या ओतणे माझ्या जिवावर येई.

समुद्रातले मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींनी यावर एक युक्ती रुळवली आहे. टाकीपासून दूर एका बादलीत बारीक वाळू चांगली खोल भरायची, आणि टाकीचे पाणी लहान पंपाने तिच्या माथ्यावरून वाहवत परत टाकीत सोडायचे. वाळूच्या वरच्या थरातले जीव ऑक्सिजन संपवतात. खाली अंधार आणि कोंडमारा. तिथले जिवाणू मग नायट्रेट फोडून त्यातल्या ऑक्सिजनवर जगतात, आणि उरलेला नायट्रोजन हवेत निघून जातो. हवेचा 78 टक्के भाग तोच.

एका बांधकामावर उरलेली तापीची वाळू मी आणली, वीसेक पाण्यांत धुतली, आणि दहा इंच भरली. दोन महिने काहीच घडेना. अधीर होऊन मी काठीने ती ढवळली, तर सडक्या अंड्यांचा वास वर्गभर पसरला! तिला हात लावायचा नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे तीन-चार महिन्यांनी तपासणीचे थेंब टाकले. पूर्वी लालभडक होणारे पाणी पिवळ्या-नारिंगीवर थांबले.

मग एकदा वरचे साहेब शाळा पाहायला येणार होते. मी टाकीची काच पुसली आणि बादलीवर एक जुना पडदा टाकला. माझ्या वर्गातला एक मुलगा ते पाहत होता. त्याचे वडील गटारी उपसण्याच्या कामावर आहेत. त्याने विचारले, ‘सर, तिला का झाकलं? पाणी तर तीच साफ करते ना?’

प्रश्न बादलीबद्दलच होता. पण उत्तर देताना माझी जीभ अडखळली. ‘बरी दिसत नाही रे,’ एवढेच मी म्हणालो. तो गप्प राहिला. तो गप्प राहिला हेच मला अधिक लागले.

तेव्हापासून मी विचार करतो आहे: दूर ठेवणे आणि लपवणे यांत फरक आहे की नाही? बादली दूर लागते, हे खरे. टाकीतच ठेवली असती तर मासे ती उकरते, आणि एवढ्या खोल वाळूला तिथे जागाही नव्हती. ते अंतर कामाची गरज आहे. पडदा ही मात्र माझी गरज होती. नितळपणाचे श्रेय मला हवे होते, आणि त्याची किंमत दिसू द्यायची नव्हती.

कुणी म्हणेल, निसर्गाचीच ही रचना आहे. कुणीतरी तळाशी राहायचेच. या युक्तिवादाची मला धास्ती वाटते, कारण तो ऐकायला फार सोयीचा आहे. वाळूतल्या जिवाणूला तो अंधार मानवतो. तेच त्याचे अन्न आणि तेच त्याचे घर. माणसाला मात्र तो आपण नेमून दिला, आणि वर जन्माचे नाव दिले. हाताने मैला उचलायला लावणे बंद व्हावे म्हणून 1993 मध्ये कायदा झाला. तो पुरला नाही म्हणून 2013 मध्ये दुसरा करावा लागला. एका कायद्याने भागू नये, याचा अर्थ पडदा फार जाड आहे. तो सरकारी कापडाचा नाही. आपल्या घराघरांतला आहे.

मी त्या मुलाच्या वडिलांचे काम बदलू शकलो नाही. बादलीवर श्रद्धा ठेवून भागणार नाही, हेही मला कळते. गटारीत उतरणाऱ्या माणसाला कौतुक नको, यंत्र हवे; आणि त्याच्या मुलाला त्या कामापासून दूर नेणारी शाळा हवी. तिथे माझे काम आहे, आणि ते रोज सकाळी साडेदहाला सुरू होते.

पडदा मात्र त्याच दिवशी काढला. साहेब आले, टाकीपाशी थांबले, मान डोलावून म्हणाले, ‘छान निगा आहे!’ मी कपाटामागे बोट दाखवले. त्यांनी वाकून पाहिले, नाक किंचित मुरडले आणि पुढे गेले.

मागच्या बाकावर तो मुलगा हसत होता.