अर्धा कोयता

पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ तुषारांत भिजत उभं असतं. श्रावणात तिथं पाय ठेवायला जागा नसते. आपल्या गोष्टीतलं गाव बालाघाटाच्या याच रांगेत आहे, पण अशा कोपऱ्यात, की तिथल्या धबधब्याला कुणी धड नावही ठेवलं नव्हतं. गाव गोष्टीतलं आहे. ज्या मातीवर ते उभं आहे ती मात्र खरी आहे. हलकी, मुरमाड, पावसाच्या भरवशावरची. म्हणून दसरा-दिवाळी झाली की दारांना कुलपं लागतात आणि नवरा-बायकोची जोडी ऊस तोडायला कारखान्याच्या फडावर जाते. जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा गेला तर अर्धा कोयता. माणसं मोजायचा हा शब्द बीड जिल्ह्यात इतका रुळला आहे की तो ऐकून कुणाला काही वाटत नाही. मला अजून वाटतं.

या कामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती पावसाळ्यात. पेरणीत पैसा गेलेला असतो, लेकरांची शाळा सुरू झालेली असते, मागचं देणं दारात उभं असतं. नेमका तेव्हाच फडासाठी मजूर ठरवणारा मुकादम वही घेऊन येतो. आणि नेमक्या त्याच महिन्यांत धबधबा वाहतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे गावात पुष्कळ दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका आषाढात कुणीतरी धबधब्याचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. पुढच्या रविवारी चाळीस गाड्या आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी मोजता येईनात. कड्याजवळचं रान गावातल्या तात्यांचं. शहरातल्या एका ठेकेदारानं ते हंगामापुरतं ठोक भाड्यानं घेतलं, पत्र्याचं शेड ठोकलं, स्पीकर लावला, गाडीमागे पैसे घ्यायला दोन पोरं बसवली. गाव हरखलं. आपल्याकडे कुणी येतं याचंच अप्रूप होतं. पण नागपंचमीपर्यंत गुरांची पाणवठ्याची वाट गाड्यांनी बंद झाली. एक गाभण शेळी पोट फुगून मेली, तिच्या पोटातून प्लास्टिकचा गोळा निघाला. नायगावचं मयूर अभयारण्य 1994 सालचं, इथून फार लांब नाही; पण मोरांना अभयारण्याची हद्द कुठं ठाऊक? तेही धबधब्याखालच्या कुंडावर पाण्याला यायचे. त्या श्रावणात त्यांची केका ऐकू आली नाही.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला गावातली एक आजी गोणी ओढत आली. तिची तीस वर्षं फडावर गेली होती. डाव्या हाताच्या दोन बोटांवर कोयत्याची खूण होती. तिनं सगळ्यांसमोर गोणी उपडी केली. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या पत्रावळ्या, दारूच्या रिकाम्या बाटल्या, एका लेकराची एकच चप्पल.

"एका रविवारचं हाय हे," ती म्हणाली. "यात आपल्या गावचं काय हाय तेवढं उचलून दाखवा."

माणसं वाकून बघू लागली. बराच वेळ कुणी हात घातला नाही. मग चौथीतल्या एका पोरीनं खाल्लेलं कणीस उचललं. "हे आपलं असंल."

"कणसंबी ठेकेदार पोत्यानं आणतो, माय," आजी म्हणाली. "पाणी आपलं, कडा आपला. आपल्याला ऱ्हाती ती घाण. आन् दाण्यासाठी पुन्हा मुकादमाच्या दारात."

शाळेतले गुरुजी मागे उभे होते. ते एवढंच बोलले, "बीडजवळची खजाना विहीर बघितलीय ना तुम्ही? निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं बांधलेली. भुयारांनी पाणी विहिरीत येतं आणि वेगळ्या भुयारानं रानाला जातं. आपल्याकडे लोक येतात, पैसाही येतो. रानाकडं जाणारं भुयार तेवढं कुणी खोदलेलं नाही."

पुढच्या उन्हाळ्यात बचत गटाच्या पाच बायका आणि गुरुजी अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी बघून आले. पावसाळ्याच्या तोंडावर तिथं काजवे बघायला माणसं येतात, गावातल्या घरांत जेवतात, मुक्काम करतात, आणि पाहुणे घराघरांत वाटून दिले जातात. आपल्याकडे पूर्वी विद्यार्थी वार लावून जेवायचे, त्याचीच ही वेगळी तऱ्हा. बायकांना ते पटकन कळलं. पण त्या परतल्या त्या दुसराच प्रश्न घेऊन: किती माणसं बोलवायची हे नंतर, किती झाली की नको म्हणायचं ते आधी ठरवा.

आकडा कसा काढायचा यावर दोन रात्री गेल्या. पोरं म्हणाली, हजार. आजीनं विचारलं, एका घरची बाई सकाळपासून किती माणसांच्या भाकरी थापू शकेल, अंग न मोडता? पंचवीस. किती घरं तयार आहेत? बारा. चालू शौचालयं किती, विहिरीतून पाणी किती काढता येईल, तेही मोजलं. तीनशे. तीनशेव्या माणसानंतर वेशीवर दोरी आडवी. एवढ्या साध्या हिशोबाला मी नियोजन म्हणतो. कागदावरच्या पुष्कळ आराखड्यांत भाकरी थापणारीचे हात मोजलेलेच नसतात.

बाकीचं भराभर ठरलं. गाड्या वेशीजवळ, पुढे दीड किलोमीटर पायी. निसरड्या जागी दोर आणि शिट्टी घेऊन गावची चार पोरं. स्पीकर बंद. पैसे ग्रामपंचायतीच्या पावतीवर, आणि त्यातला हिस्सा गुरांच्या पाणवठ्याला. तात्यांच्या वेशीजवळच्या पडीक रानात गाड्या लावायच्या आणि त्याचं भाडं त्यांना द्यायचं. ज्यांनी कडा भाड्यानं दिला त्यांनाच पुन्हा पैसे कशाला, म्हणून काही जण रागावले. मला ते योग्यच वाटतं. गावातला एक माणूस बाहेर ठेवून केलेली व्यवस्था तोच माणूस मोडतो.

खरी अडचण यादीत निघाली. बारा घरांची नावं फळ्यावर लिहिली. आजीला अक्षर येत नव्हतं, तिनं सुनेकडून यादी वाचून घेतली आणि विचारलं, "खालच्या वस्तीतलं एकबी घर न्हाई?"

कुणीतरी म्हणालं, पाहुणे काय म्हणतील.

"पाहुण्यानं अजून काय म्हणलं न्हाई. म्हणतोयस तू," आजी म्हणाली. "फडावर त्यांच्या अन् माझ्या कोपीत हातभर अंतर असतं. एकाच टाकीचं पाणी पितो आम्ही. तिथं चालतं, अन् गावात आलं की यादी दोन होती व्हय? माझं नाव पुसा. मी काय भाकर थापीत न्हाई."

ती उठून गेली. तिच्यामागे तिची सून, मग बचत गटाच्या आणखी तिघी. फळा तीन दिवस तसाच राहिला. चौथ्या दिवशी सरपंचबाईंनी स्वतः तो पुसला आणि सोळा घरं लिहिली. आकडा मात्र तीनशेच ठेवला, म्हणून घरांनी पाळीपाळीनं वार लावून घेतला. वाटणी लहान झाली, पण सगळ्यांची झाली.

पहिले चार रविवार वाईट गेले. स्पीकर नाही, चालावं लागतं म्हणून कित्येक गाड्या वेशीवरूनच वळल्या. एका घरी पंचवीसांचा स्वयंपाक झाला आणि सहा माणसं आली. उरलेलं पिठलं रात्री गल्लीनं वाटून खाल्लं. मग हळूहळू वेगळी माणसं यायला लागली. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणारी, लेकरांना चुलीवरची भाकर दाखवणारी, जाताना शेंगदाण्याच्या चटणीची पुडी मागणारी. पावसाळा सरता सरता डोंगरात सीताफळं डोळे उघडतात. बीडच्या सीताफळाला 2016 सालीच भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण या गावातून ती पडेल भावात क्रेटनं जायची. आता बायका ती वेशीवर टोपलीत मांडून मोजून विकू लागल्या. त्यानं कुणी श्रीमंत झालं नाही. ज्वारीचं पोतं रोख पैशानं आलं, वह्या-पुस्तकं उधारीवाचून आली.

तिसऱ्या श्रावणात मुकादम नेहमीसारखा वही घेऊन आजीच्या ओट्यावर बसला. त्या रविवारी वार त्यांच्याच घरी होता. आत चूल पेटलेली, परातीत बाजरीचं पीठ, सुनेचे हात कोपरापर्यंत पांढरे. धाकटं लेकरू तिच्या पाठीशी बसून पाटीवर रेघोट्या मारत होतं. गेल्या दोन हंगामांत ते फडावरच वाढलं होतं.

"तुमचा एक कोयता धरतो," मुकादम म्हणाला आणि त्यानं लिहिलंसुद्धा.

आजीच्या लेकानं बायकोकडं बघितलं. तिनं भाकर थापता थापता मान वर केली नाही.

"अर्धा लिहा," ती म्हणाली.

"अर्ध्याला उचलबी अर्धीच मिळंल, सूनबाई."

"अर्धीच द्या. लेकरू अन् मी गावातच ऱ्हाणार."

मुकादमानं वहीतलं खोडलं. बाहेर वेशीकडून सात-आठ माणसं भिजत येत होती. आजी त्यांना पाय धुवायला पाणी द्यायला उठली.