रुग्णसेवकाचा समान वाटा



घरातले माणूस दवाखान्यातून बरे होऊन परत आले, की पूर्वी आपल्या घरात एकच लगबग सुरू व्हायची. कोणत्या देवाला काय बोललो होतो ते आठवायचे आणि कोंबडे, बोकड, नारळ घेऊन नवस फेडायला निघायचे. वेळप्रसंगी त्यासाठी सावकाराचे दार ठोठवायचे. परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आपल्याच चंद्रपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि ती वाट बंद झाली. आता नवदीक्षित कुटुंबातील माणसे मला विचारतात, "गुरुजी, नवस सुटला हे बरेच झाले. पण मन भरून आले आहे, ते कुठे रिते करायचे?"

प्रश्न खरा आहे. नवस सोडला म्हणजे कृतज्ञता सोडली असे होत नाही. तिचा पत्ता मात्र बदलला. ज्या हातांनी रुग्णाला उचलले, सुई टोचली, घाण काढली, त्या हातांकडे ती आता गेली पाहिजे. मग त्या हातांना काय द्यावे, केव्हा द्यावे आणि कोणाला किती द्यावे? याचा विचार तथागतांच्या काळापासून झालेला आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एका भिक्खूची हकीकत आहे. त्याला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदांसह विहारात फिरत असता तेथे आले. तुझी सेवा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत, असे त्याने सांगितले. भगवंतांनी आनंदांना पाणी आणायला लावले. स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. भगवंतांनी डोक्याकडून, आनंदांनी पायाकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी.

पुढे भगवंतांनी चांगल्या रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय पथ्याचे आणि काय अपथ्याचे हे त्याने जाणावे. लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करावी. मलमूत्राची, वांतीची किळस करू नये. आणि योग्य वेळी धम्माचे बोलून रुग्णाचे मन प्रसन्न करावे. यातला तिसरा गुण नीट ध्यानात घ्या. लाभासाठी जी होते ती सेवा मैत्रीची उरत नाही. म्हणून आपली भेट ही सेवेची किंमत होता कामा नये.

मग भेट देऊच नये काय? तसेही नाही. याबाबत जीवकाचे उदाहरण पाहा. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल पुढे बुद्धांचे आणि संघाचे वैद्य झाले. साकेत नगरात एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोकेदुखीने त्रस्त होती. अनेक वैद्य आले आणि सोने घेऊन गेले. जीवकाने निरोप पाठवला की आधी काहीच देऊ नका, बरे वाटल्यावर इच्छा होईल ते द्या. ती बरी झाली, आणि सर्व कुटुंबाने आनंदाने त्याला मिळून सोळा हजार नाणी दिली. भेट आणि लाच यांच्यातली रेघ येथेच आहे. बरे झाल्यावर, सुटी झाल्यावर, न मागता दिलेली ती भेट. खाट मिळावी, स्ट्रेचर लवकर यावे म्हणून आधी सरकवलेली नोट ही लाच, मग तिला चहापाणी म्हणा की खुशाली म्हणा. तुम्ही नोट सरकवली की शेजारच्या खाटेवरचा गरीब मागे पडतो. त्याच्या हक्काची पाळी तुम्ही विकत घेतलेली असते. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केल्यास संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ घरच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता कोणाला किती, हा प्रश्न. येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे.

रोवणीचे दिवस होते. माझ्या मायला जुलाब लागले आणि अंगातले पाणीच संपले. सावलीहून तिला एका सरकारी रुग्णालयात नेले. नऊ दिवस ती खाटेवर होती. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करून तिने मला बी. ए. केले, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. सुटीच्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांना किलोभर पेढे दिले, सिस्टरांना अर्धा किलो, औषधे देणाऱ्या भाऊला पेन. मोठ्या समाधानाने मायला घेऊन फाटकाबाहेर आलो. माय म्हणाली, "डॉक्टरले डबा देलास. जिनं माहं हागणंमुतणं काढलं, तिले का देलास?"

मी गप्प झालो. त्या बाईला मी नऊ दिवस रोज पाहिले होते, आणि मला तिचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या गावाची घाण आणि मेलेली ढोरे आली, त्यांचाच मी नातू. त्रिशरण पंचशील रोज म्हणणारा. आणि पेढे वाटताना माझ्या हाताने तीच जुनी उतरंड रचली होती : वर किलो, मध्ये अर्धा किलो, तळाला काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. बाईंना नाव विचारले, क्षमा मागितली, काय आणू असे विचारले. त्या म्हणाल्या, "साहेबाले चिठ्ठी लिवली म्हणता ना गुरुजी, त्यात माहं नाव टाका." त्या ठेक्यावर होत्या. त्यांच्या कामाची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती.

घरी येऊन मी पुन्हा महावग्ग उघडला. त्यात नियम असा आहे की, भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र आणि चीवर त्याची सेवा करणाऱ्यांना द्यावे, कारण रुग्णसेवकांचे उपकार मोठे आहेत. एकदा एका भिक्खूने आणि एका श्रामणेराने मिळून रुग्णाची सेवा केली. श्रामणेर म्हणजे संघातला सर्वांत लहान. त्याला किती वाटा द्यावा, असा प्रश्न आला. भगवंतांनी निर्णय दिला : समान वाटा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा निर्णय मायने फाटकावर मला सांगितला होता, आणि तिला अक्षरओळख नाही.

समान वाट्याचे मोल आपल्याला तरी कळले पाहिजे. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. १९२९ साली ती 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. दोन रुपये फी कबूल करूनही डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. अखेर त्याने तिला वस्तीबाहेर आणायला लावले. थर्मामीटर आधी एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्या बाईला डॉक्टरचा हात लागला नाही, आणि ती वाचली नाही. आज ज्या हाताने आपल्या मायचे अंग पुसले, त्या हाताचा मान त्याच्या पगारावरून ठरवायचा काय?

म्हणून बंधूभगिनींनो, घरी बसून आधी सर्वांची नावे लिहा : डॉक्टर, परिचारिका, आयाबाई, वॉर्डबॉय, सफाई करणारे, रुग्णवाहिका चालवणारे. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे पत्र लिहा आणि त्यात प्रत्येकाने काय केले ते एकेका ओळीत सांगा. मुलामुलींच्या हाताने लिहवून घ्या. खाऊ द्यायचा तर सर्वांना सारखा द्या. शेतातले पोहे, मुरमुऱ्याचे लाडू, केळी पुरेत. कर्ज काढू नका. महागडी वस्तू वा रोख रक्कम देऊन सरकारी माणसाला अडचणीत आणू नका, कारण वर्तणूक नियमांनी त्याच्यावर बंधने आहेत. आणि मोहाची बाटली तर नाहीच नाही. पाचवे शील आपण घेतले आहे.

ऐपत असेल तर वॉर्डात काय कमी आहे ते विचारा. झाकणाचा पाण्याचा माठ, घड्याळ, बादल्या असे काही रुग्ण कल्याण समितीकडे द्या आणि पावती घ्या.

आणि ज्याच्याजवळ यातले काहीच नाही, त्याच्याजवळ रक्त आहे. आपल्या भागात सिकलसेलची लेकरे पुष्कळ, आपल्या बौद्ध वस्त्यांतही आणि गोंड बांधवांच्या घरीही. त्यांना वारंवार रक्त लागते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ असेल तर पुरुषाने तीन महिन्यांनी आणि स्त्रीने चार महिन्यांनी रक्त द्यायला हरकत नाही. आपले स्वतःचे सिकल तपासून घ्यावे, आणि दोष आढळल्यास डॉक्टर सांगतील तसे वागावे. पूर्वी नवसापोटी मुक्या जिवाचे रक्त सांडत होतो. आता आपले थोडे रक्त कोण्या अनोळखी लेकराच्या अंगात जाऊ द्या. याहून स्वच्छ दान मला ठाऊक नाही.

पुढच्या वेळी दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, तिचे नाव मला ठाऊक आहे काय? ठाऊक नसेल, तर परत आत जा.

सब्बे सत्ता सुखी होन्तु. जय भीम!