लाइटबिलाची कृती

आईला मोबाइलवरून लाइटबिल भरायला शिकवत होतो. सलग चार दिवस. मी भराभर बोटं फिरवून दाखवायचो, ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या दिवशी तिनं पाककृतींची जुनी वही आणली. म्हणाली, "तू सावकाश सांग, मी लिहून घेते." तिनं तिच्या शब्दांत लिहिलं: आधी दिव्याचं चित्र दाबणे, मग ग्राहक क्रमांक, मग रक्कम नीट ताडून पाहणे. पिन तेवढा लिहू नकोस, एवढंच मी म्हटलं. त्या महिन्याचं बिल तिनं एकटीनं भरलं. बाबांची तऱ्हा वेगळी. त्यांना लिहिलेलं नको आणि सांगितलेलं तर त्याहून नको. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला रोज दहा-वीस रुपये पाठवत ते आपले आपण शिकले.

चार दिवस मी म्हणत होतो, आईच्या लक्षात राहत नाही. ती आयुष्यभर लिहूनच शिकत आली, हे माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

शिकणाऱ्याकडे असं आधी बघणं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षिकांना जमलं होतं. त्यांनी १९४५ साली बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण गुरं राखायची असायची. मुलांना शिकायची आवड नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. गुरं चरताहेत आणि तिथंच मुलं शिकताहेत. नावही तसंच साधं, कुरणशाळा. महागडी साधनं नव्हती, तर खडे, शिंपले, बिया, पानं घेतली. मुलाच्या हाताला जे रोजचं, तिथून सुरुवात. त्यासाठी आधी त्या मुलांकडे किती वेळ, किती मायेनं बघितलं असेल!

आज आपल्याकडेही कुणीतरी शिकायला येईल. ऑफिसातला नवा मुलगा, पाढ्यांवर अडलेली लेक. सांगायला लागण्याआधी सहज विचारावं, "तू सायकल कशी शिकलास रे?" पडत पडत शिकलेल्याला काम देऊन जरा मोकळं सोडावं. मागून ताईनं धरलं होतं म्हणणाऱ्याच्या शेजारी दोन दिवस बसावं.

परवा शेजारच्या काकू बिल भरायला शिकायचं म्हणून आल्या. आईनं कौतुकानं वही पुढे केली. काकू म्हणाल्या, "मला वाचून नाही गं कळायचं." आईनं वही मिटली आणि त्यांचा मोबाइल त्यांच्याच हातात ठेवून शेजारी बसली.