सामानाजवळ बसलेल्यांचा वाटा

(१ शमुवेल ३०:२१–२५ वाचा.)



पुणे–सातारा हमरस्त्यावर नसरापूरजवळ वेल्ह्याकडे फाटा फुटतो. राजगड व तोरणा पाहावयास येणारे पुष्कळ प्रवासी ह्याच वाटेने जातात, आणि त्यांच्या भुकेवर रस्त्याकाठची हॉटेले चालतात. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांवर वर्षाचे पोट भरत नाही, म्हणून कित्येक तरुण तेथे वाढप्याचे काम पत्करितात.

हे काम कोणी हलके मानू नये. यरुशलेमेच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा पंक्तिसेवेसाठी सात जण निवडिले; त्यांत स्तेफन होता. स्वतः प्रभूने शिष्यांमध्ये वाढणाऱ्याची जागा घेतली (लूक २२:२७).

परंतु ह्या कामात एक परीक्षा आहे, ती टिपेची. टिपेच्या आशेने मोटारवाल्यास आधी पाणी मिळते, आणि एसटीतून उतरलेला म्हातारा ताटकळतो. याकोबाने दुसऱ्या अध्यायात निषेधिलेला पक्षपात तो हाच. पुढे गिऱ्हाईक बडीशेपेच्या बशीत वीस रुपये ठेवून जाते. ते कोणाचे? वाढप्याचे, असे वाटते. पण भाकरी थापणारी बाई धगीपाशी असते, भांडी घासणारा मोरीपाशी. त्यांची तोंडे गिऱ्हाइकास दिसत नाहीत.

दावीदाबरोबर सहाशे माणसे अमालेक्यांच्या पाठलागास निघाली. दोनशे थकून बसोर ओहोळापाशी सामान राखीत राहिली. लूट घेऊन परतल्यावर काही जण म्हणाले की, जे लढले नाहीत त्यांस वाटा नको. दावीदाने ते मानिले नाही. कारण जे हाती आले ते परमेश्वराने दिलेले होते. तेव्हापासून लढणारा व सामान राखणारा ह्यांचा वाटा सारखा, असा इस्राएलात नियम झाला.

टीपही देणगीच आहे. हॉटेलांनी बिलात सेवा-आकार आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ठरविले, व मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरिले. देणे हे देणाऱ्याच्या मनाचे राहिले. यास्तव मालकानेही टिपेकडे बोट दाखवून मजुरी कापू नये. अडविलेली मजुरी देवाकडे ओरड करिते (याकोब ५:४).

घरी मुलांच्या फीची चिंता असता विसांतले दहा सोडणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. बसोरापाशी परतलेले लोकही थकलेलेच होते, तरी त्यांनी वाटा दिला.

उपदेशकांनी हा अध्याय सायंप्रार्थनेत वाचावा. आणि वाढप्याचे काम करणाऱ्या बंधूंनी सर्वांच्या संमतीने एक डबा ठेवावा, दिवसाची टीप त्यात टाकावी, व रात्री मोरीपाशी बसलेल्यासही सारखा वाटा द्यावा. तो कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, हे पुसू नये. आपण कोणाचे सेवक आहो, हे त्यास त्या वाट्यावरून कळेल.