वीरपत्नीची नोकरी

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. शिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये चेन्नईत प्रशिक्षण पूर्ण करून लष्करात लेफ्टनंट झाल्या. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल झाली, हे फार चांगलं झालं. पण सगळ्याच वीरपत्नींना ती वाट मिळत नाही. कुणी खासगी शाळेत कंत्राटावर असते, जूनमध्ये नेमणूक वाढत नाही. मग नव्या अर्जात, नवऱ्याच्या बदल्यांमुळे नोकरीत पडलेल्या खंडाचा खुलासा पुन्हा लिहायचा. ‘पेन्शन आहे ना,’ म्हणून तिला वाटेला लावू नका. पगाराइतकीच तिला चार माणसांतली जागा हवी असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला तिच्यासोबत जा. आणि तुमच्याकडेच जागा रिकामी असेल, तर आजच तिला बोलवा.