गाव लागतं, पण कोणतं?

एक मूल वाढवायचं तर अख्खं गाव लागतं, ही आफ्रिकेतली म्हणून सांगितली जाणारी म्हण आता आपल्या पालकसभांतही ऐकू येते. हिलरी क्लिंटन यांनी १९९६ साली तिच्यावरून आपल्या पुस्तकाचं नाव ठेवलं आणि ती जगभर पोचली. नेमक्या याच शब्दांत ती आफ्रिकेत कुठे म्हणतात यावर जाणकारांचं एकमत नाही. पण एका हाताने मूल वाढत नाही, अशा अर्थाची म्हण स्वाहिलीत आहे. या म्हणीत एक गोष्ट धरून चाललेली असते. गाव आधीपासून आहेच, मुलाने फक्त त्यात जन्माला यायचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडचा अनुभव वेगळा आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. दुष्काळी मुलूख, वेशीबाहेर वेगळी वस्ती, जुलाबाने आणि उपासमारीने दगावणारी लेकरं. प्रशिक्षित नर्स गावोगाव पाठवल्या की काम भागेल, अशी सुरुवातीची कल्पना होती. ती चालली नाही. परगावची, शिकलेली, एकटी राहणारी बाई गावाला आपली वाटेना आणि तिलाही तिथे करमेना. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असं ठरलं. निवडलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या होत्या. जामखेडला येऊन त्या शिकत आणि गावात जाऊन सांगत : जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडू नका, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, पोटुशीला पोटभर जेवू द्या.

हे सांगायला वैद्यकीय ज्ञान फारसं लागत नाही. लागतं ते दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत जाणं. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या हातात तान्हं बाळ द्यायचं, हा खरा पेच होता. हातपंपांसाठी जागा निवडताना दलित वस्तीला झुकतं माप द्यायचं, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांना तिथे जावंच लागेल, ही युक्तीही आरोळ्यांनी केली. मला तर ती औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. ‘पूर्वी कसं सगळं गाव मुलं सांभाळायचं’ असा उसासा टाकणाऱ्यांना एकच विचारावं : कोणाची मुलं? जुन्या गावात माया होती, पण ती गल्लीगल्लीनुसार आणि जातीजातीनुसार वाटलेली होती. म्हण जामखेडला लागू पडली असेल, तर ती हे वाटप मोडायला लागल्यावर.

पुढे ही कल्पना दूर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हाती असलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ साली अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला, १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर आशा स्वयंसेविका आल्या. गावातली बाई गावाचं आरोग्य पाहते, हे सूत्र सरकारने उचललं. पण जामखेडला तिच्या पाठीशी शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ होतं, ते मागेच राहिलं. आशा आज रजिस्टरं भरते, सर्वेक्षणं करते आणि मोबदल्यासाठी संप करते. २०२३ साली महाराष्ट्रात तो झालाच. गाव तिच्याकडे सरकारचं माणूस म्हणून बघू लागलं, आणि सरकार मात्र तिला स्वयंसेविका म्हणतं.

याच जिल्ह्यात म्हणीला सर्वांत कठीण प्रश्न विचारतो तो ऊस. प्रवरानगरला १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि प्रवरेकाठची गावं सुधारली. पाथर्डी, जामखेडसारख्या कोरड्या तालुक्यांतून मात्र दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. चार-सहा महिने बिऱ्हाड फडाशेजारच्या कोपीत. ज्या गावाने मूल वाढवायचं तेच अर्धं रिकामं होतं. मागे आजी-आजोबा राहतात, आणि हंगामी वसतिगृहाची सोय असेल तिथे शाळकरी मुलं त्यांच्याजवळ टिकतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. कामगारांच्या महामंडळाला कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारने तितकीच भर घालायची, असंही ठरलं. साखरेच्या पैशातून त्या मुलांचा खर्च काढायचा, हे मला योग्य वाटतं. ज्यांचा ऊस तोडला जातो तेही त्या मुलाच्या गावात मोजायला हवेत.

वसतिगृह मात्र शाळेच्या वयापासून उपयोगी पडतं. दीड-दोन वर्षांचं लेकरू आईबरोबर फडावरच जातं. त्याचं नाव पाथर्डीच्या अंगणवाडीत, त्याला ओळखणारी आशा पाथर्डीच्या वस्तीवर, आणि ते स्वतः कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या फडात उसाच्या पाचटावर निजलेलं. तिथल्या आशाच्या यादीत ते बहुतेकदा नसतं, कारण ते तिच्या गावचं नाही. जुलाब तर त्याला तिथेही लागतात.